रायटर स्लो आहे

८ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी संपली एकदाची. सुजित आणि सूनबाई प्राची काल सकाळीच गेले. प्राचीच्या भावाकडं साताऱ्याला भाऊबीज, तिथनं पुढं पुणे. दीड दिवस होते. त्यातला निम्मा वेळ सुजित गॅलरीत, ऑफिसशी फोनवर इंग्लिशमध्ये भांडत.

ह्यांच्याशिवायची पहिली दिवाळी. वर्षाच्या आत घरात तळण नाही म्हणून फराळ शेजारच्या पाटीलवहिनींनी आणून दिला. डबे तसेच भरलेले. एकटी बाई चकल्या खाऊन खाऊन किती खाणार?

दुपारी मालूताईंचा फोन, शिरोळहून. धाकट्या नणंदबाई. "वहिनी, आमच्या गणूच्या लग्नाची डीव्हीडी द्या की वो. पुरात आमची गेली बघा. दादा देतो देतो म्हणत ऱ्हायला आणि..."

म्हटलं, देते. त्यात काय एवढं! ह्यांनी आख्ख्या भावकीची लग्नं, बारशी, वास्तुशांती हँडीकॅमवर घेतलेली. सगळं कापून, जोडून, गाणी घालून कॉम्प्युटरवर तयार आहे. डिस्क तेवढी काढायची.

जेवायच्या आधी कॉम्प्युटरच्या रायटरमध्ये कोरी डिस्क घातली, बटण दाबलं. डाळ शिजली. भाकऱ्या झाल्या. जेवले, भांडी घासली, जरा आडवी झाले, उठले, चहा केला. पडद्यावरची पट्टी अजून पावसुद्धा भरली नव्हती.

९ नोव्हेंबर, मंगळवार

कालची ताटली शेवटी 'एरर' म्हणून बाहेर आली. दिवाबत्तीची वेळ होती, हातात उदबत्ती, आणि हा मेला जीभ काढून दाखवतोय.

आज दुसरी घातली. तीपण बाद. तिसरी कशीबशी पूर्ण झाली, पण लावून बघितली तर अंतरपाट धरल्यावर चित्र अडकलं ते अडकलंच. भटजी तोंड उघडं टाकून उभे. मंगलाष्टकाचा पत्ता नाही.

बाद ताटल्या दोऱ्यात ओवून गच्चीवर पेरूला बांधल्या. पोपट तरी घाबरतील.

१० नोव्हेंबर, बुधवार

सुजितचा फोन. त्याचे रोजचे तीन प्रश्न. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, ठेवू का. तिसऱ्याला उत्तर द्यायच्या आत ठेवलेला असतो. आमचं बोलणं संपतं तेव्हा दुधाला उकळीसुद्धा आलेली नसते.

आज मधेच म्हटलं, "अरे, तुझ्या पप्पांचा रायटर लई स्लो झालाय."

"म्हणजे किती स्लो?"

सांगितलं. डाळ, भाकरी, झोप, चहा, सगळं. हसला. मग म्हणाला, "डिस्क कुठल्या कंपनीची आहे? वाच बघू वरचं." चष्मा शोधला, वाचलं. "अगं हे फुटपाथवरचं आहे. चांगल्या आण. आणि कॉम्प्युटर चालू कर, मी थांबतो."

थांबला! चालू व्हायला हा कॉम्प्युटर किती वेळ घेतो ते मला माहीत. तोवर फोन कानाला. प्राची बरी आहे का विचारलं. बरी आहे म्हणाला. मग तोच म्हणाला, "आई, तिकडं थंडी पडली का गं?"

पडली म्हटलं. खरं तर नाही पडली अजून. पण बोलणं चालू राहावं वाटलं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

चांगल्या डिस्क आणायला राजारामपुरीत गेले. दुकानदार गडी तोंडाळ.

"मावशी, रायटर किती वर्साचा हाय?"

"मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा घेतलाय."

"मग म्हातारा झाला की वो! फेकून द्या आणि नवा टाका. एवढ्याशा कामाला कशाला डोकं फोडून घेताय?"

म्हटलं, "वय झालं की फेकायचं होय रे? मग तू मलापण टाकशील की उद्या कचऱ्यात." दुकानातली सगळी हसली. तोही हसला, पण डिस्कचा डबा चांगला दिला.

घरी येऊन नवी डिस्क घातली. तेच. फरक शून्य.

१३ नोव्हेंबर, शनिवार

सु. नं आपणहून फोन केला. प्रश्न एकच. "झालं का गं?"

आज अँटिव्हायरस बंद करायला लावलं. मग मागं चालणारे सगळे प्रोग्रॅम बंद. मग परत चालू-बंद. मी टायपिंग क्लास चालवलेली बाई, बटणांना घाबरत नाही. पण हा उंदीर काही माझ्या ताब्यात राहत नाही. "राईट क्लिक आई, राईट! उजवं!" "अरे उजवंच दाबलं!" "मग डावं दाबलंस म्हणून ते उघडलं." असं भांडत भांडत.

परत चालू व्हायला लागला तशी मी चष्मा पुसत बसले. आणि एकदम म्हणाला, "पप्पांचा नंबर मी अजून काढला नाही गं मोबाईलमधनं."

मी म्हटलं, "मी त्यांच्या मोबाईलला रोज चार्जिंग करते."

दोघांनीही हे आधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात कॉम्प्युटर सुरू झाला आणि तो म्हणाला, हं, आता परत राईट क्लिक.

फरक शून्यच. पण मला गाढ झोप लागली, कधी नव्हे ती.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

आज आतली वायर. सु. म्हणाला, डब्याचं एका बाजूचं झाकण काढ, रायटरच्या मागची चपटी पट्टी ढिली झाली असेल, काढून परत घट्ट बसव. आधी मेन स्विच बंद कर हे तीन-तीनदा सांगितलं. घाबरला होता बिचारा. मी नाही घाबरले.

ह्यांच्या हत्यारांच्या डब्यातला स्क्रू ड्रायव्हर काढला. झाकण निघालं तर आत काय धूळ! वावटळ येऊन गेल्यासारखी. मी खाली मांडी घालून, डोक्याला टॉवेल, तोंडाला पदर. एवढ्यात शेजारच्या पा. वहिनी दारात.

"अगं बया बया! काय मांडलाय हे? शॉक बसंल की वो वहिनी!"

"बसू दे. जरा हलायला तरी होईल."

"असलं अभद्र बोलू नका तिन्हीसांजंचं. ह्यो घ्या झुणका आणलाय." वाटी ठेवून तिथंच बसल्या, मी वायर बसवेपर्यंत. जाताना म्हणाल्या, "भाऊजी असते तर तुम्हांला हात लावू दिला नसता." खरंय. ह्यांनी कधी हात लावू दिला नाही. 'तू बिघडवशील' म्हणायचे.

वायर घट्ट बसवली. वेग जैसे थे. सु.ला सांगितलं तर तोच जास्त चिडला. "कमाल आहे राव! उद्या बघतोच." आता ते त्याचं भांडण झालंय. माझं राहिलं बाजूला.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

आज डोळे सुजलेत. रडून की हसून कोण जाणे.

सु. फोनवर. "आई, ट्रे उघड आणि बॅटरी मारून बघ. धूळ दिसते का कडेला?" बॅटरी मारली. खाचेत काहीतरी लाल. म्हटलं गंजलाय. बोट फिरवलं तर बोट लाल. वास घेतला.

कुंकू.

आत वाकून बघितलं. कडेला तांदळाचा एक दाणा, हळद लागलेला. आणि झेंडूची वाळून चिंधी झालेली पाकळी.

गेल्या वर्षीची खंडेनवमी! ह्यांचा त्या दिवशीचा थाट काय सांगावा. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, हँडीकॅम, सगळं पाटावर मांडायचं. आणि कॉम्प्युटरला नुसतं वरनं हळदकुंकू लावून समाधान नाही. बटण दाबून ट्रे बाहेर काढला. म्हणाले, "ह्याचं तोंड हे. नैवेद्य तोंडात देतात, डोक्यावर नाही." ट्रेवर कुंकू, हळद, अक्षता, वर फूल. मी निरांजन ओवाळलं. मग फूल उचललं आणि ट्रे आत ढकलून दिला, बाकी सगळं पोटात घेऊन. नंतर दिवाळी झाली आणि ह्यांची तब्येत जी उतरली ती उतरलीच. एकही डिस्क काढली नाही त्यांनी. म्हणून कुणाला कळलंच नाही.

फोनवर सु. "आई? काय झालं? काय दिसलं? शॉक बसला का?"

सांगितलं. मग जो हसत सुटला! "पप्पा! अहो पप्पा!" असं म्हणत हसत होता. मीपण. पोट दुखेपर्यंत. ह्यांच्यामागं आम्ही दोघं मिळून हसलोय असं हे पहिल्यांदाच. आणि मग त्याचं हसणं बदललं ते मला इकडं कळलं. त्याला रडू दिलं. माझंही तेच चाललेलं.

पाकळी आणि तो दाणा उचलून कुंकवाच्या करंड्यात ठेवला. टाकवेना.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

रायटर सोडवून पिशवीतनं दुकानात नेला. दुकानदारानं उघडला आणि लाल पूड टेबलावर सांडली.

"मावशी, ह्यात तर देवच बसलाय की वो!"

म्हटलं, "हसू नको. पुसून दे." डिस्क गरगर फिरते तसं कुंकू उडून आतल्या भिंगावर बसलेलं. त्यानं काडीला कापूस गुंडाळून भिंग पुसलं. कापूस गुलाबी झाला. पैसे घेतले नाहीत. "देवाच्या कामाचे कुठं घ्यायचे," म्हणाला. माणूस तितका वाईट नाही.

घरी येऊन जोडला. आता सुटेल म्हणून डिस्क घातली, आणि बघते तर तीच कासवचाल! आता मात्र मी शिवी दिली. मोठ्यानं दिली. घरात ऐकायला कोण आहे?

२१ नोव्हेंबर, रविवार

सुटलं!

सु. नं सुट्टीच्या दिवशी नेटवर बसून शोधून काढलं. प्राची चिडली असणार. झालंय असं: भिंगावर कुंकू, त्यामुळं वाचताना चुका. फार चुका झाल्या की हा कॉम्प्युटर आपलाआपण रायटरचा वेग खाली उतरवतो. आणि पुढं चूक दुरुस्त झाली तरी वेग परत चढवत नाही. तसाच धरून बसतो. किती हट्टी म्हणावं!

उपाय म्हणजे कॉम्प्युटरला काय काय जोडलंय त्या यादीतली रायटरची ओळच काढून टाकायची. काढून टाकली की मागचं विसरतो. बंद करून चालू केला की नव्यानं ओळख करून घेतो, पूर्ण वेगानं.

केलं. सु. फोनवर श्वास रोखून. डिस्क घातली आणि बघता बघता पट्टी पळायला लागली. मी नुसती "अरे अरे अरे" म्हणत होते. चहाचं आधण ठेवलं ते उकळायच्या आत गणूचं लग्न तयार.

"झालं आई! जिंकलो!" ओरडला अगदी. लहानपणी रंकाळ्यावर पतंग कापला की ओरडायचा तसा. आणि मग म्हणाला, "चल, ठेवतो मग."

ठेवला.

२४ नोव्हेंबर, बुधवार

डिस्कवर डिस्क काढतेय. मुरगूडच्या भाच्याची वास्तुशांत, पा. वहिनींच्या नातवाचं बारसं, माझ्या क्लासचा निरोप समारंभ. एक घालायची, चहा प्यायचा, काढायची. प्रत्येकीवर पेनानं नाव.

काढून झाली की लावून बघते, अडकते का म्हणून. अडकत नाही एकही. अख्खी बघते तरी. ह्यांत हे कुठंच नाहीत. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात, मग दिसणार कसे? फक्त मधनं मधनं आवाज. "हं, इकडं बघा." "वहिनी, पदर नीट." "सुमे, हस की जरा." हे मला. एकदा खोकतात.

सु.चा फोन आला होता. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का. दूध तापत होतं. उकळी आली नव्हती.

२८ नोव्हेंबर, रविवार

शिरोळला जाऊन आले. यष्टीनं. डिस्क द्यायला म्हणून, पण खरं तर घराबाहेर पडायचं होतं.

मालूताईंनी सगळं घर गोळा केलं टीव्हीपुढं. गणू, त्याची बायको, पोरं, शेजारच्या दोघी. लग्न सुरू झालं. "ती बघ आत्ती, किती बारीक हुती!" "अण्णांचा फेटा बघा, अण्णांचा फेटा!" जो तो आपापल्याला शोधतोय. मी डोळे मिटूनच बसले होते बहुतेक. मला ऐकायचं होतं.

गणूची बायको म्हणाली, "मधनंमधनं कोन बोलतंय वो त्ये? सगळा मूड जातोय. आवाज काढून नुसती गाणी टाकायला पायजे हुती." वाईट मनानं नाही म्हणाली. तिच्या लग्नानंतर ह्यांची तिची गाठ पडलीय किती? तिनं ओळखावं तरी कसं.

मालूताईंनी तिच्याकडं बघितलं. उठून आत गेल्या. मी मागनं गेले तर चुलीपुढं पाठमोऱ्या उभ्या. "दादा दिसतच न्हाई की वो वहिनी कुठं. एकदा तरी त्यानं कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा हुता." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

"ऱ्हावा की आज. उद्या वाडीला जाऊ, दत्ताचं दर्शन घिऊ." नको म्हटलं, घर बंद आहे. काकवीची बाटली दिली त्यांनी. यष्टीत बसल्यावर वाटलं, घर बंद आहे म्हणजे काय? घरात आहे कोण वाट बघायला?

३० नोव्हेंबर, मंगळवार

फोन नाही. कालपण नव्हता. काम असेल.

शेवटची डिस्क निघाली. टेबलावर ढीग लावलाय. कॉम्प्युटर बंद केला, वर टॉवेल टाकला. उद्यापासून काय करायचं ते माहीत नाही.

१ डिसेंबर, बुधवार

फोन. तीन प्रश्न. ठेवला.

मी तेवढ्यात काकवीचं सांगणार होते. गणूच्या बायकोचंपण सांगायचं होतं. ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणारं नाही. ते त्यालाच कळलं असतं.

मला त्याचा राग येतोय. येऊ नये, पण येतोय. रायटर बिघडला तर मुलाला वेळ आहे, आई नीट चालतेय म्हटल्यावर नाही. हे लिहिल्यावर लाज वाटली. पण खोडत नाही, खरं आहे ते.

३ डिसेंबर, शुक्रवार

आज मी खोटं बोलले. ठरवून नाही बोलले, तोंडातनं गेलं.

सु. म्हणाला, "झाल्या ना गं सगळ्या डिस्क?"

"न्हाई रे. परत स्लो झालाय."

"काय सांगतेस! परत?" आवाजच बदलला त्याचा. "थांब, बाहेर येतो." दार लोटल्याचा आवाज. "हं, बोल. चालू कर कॉम्प्युटर."

मी स्वयंपाकघरात. हात पिठात. मोबाईल कट्ट्यावर, स्पीकर लावलेला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत टॉवेलाखाली झोपलेला. उठून जायला हवं होतं. उठले नाही.

"केला."

"ती यादी उघड, मागच्यासारखी."

"उघडली."

"राईट क्लिक."

"केलं की. उजवंच."

"काय दिसतंय?"

"तेच, मागच्यासारखं." सगळं पाठ झालंय मला. बाई खोटी, पण पाठांतर पक्कं.

"ठीक. ओळ काढून टाक आणि रीस्टार्ट कर."

"केलं."

मग थांबलो. दोघंही. मी भाकरी थापत होते, आवाज होऊ नये म्हणून हळू. आणि तो बोलायला लागला. त्याची टीम मोडलीय. त्याला तीन महिन्यांपासून काम नाही. रोज ऑफिसला जातो, बसतो, येतो. दिवाळीत गॅलरीत जे भांडण चाललं होतं ते ह्याचंच. प्राचीला सांगितलेलं नाही. "पप्पा असते तर पप्पांनापण नसतं सांगितलं गं. उगाच टेन्शन घेतलं असतं." मी म्हटलं, "मला सांगितलंस ते बरं केलंस." तव्यावरची भाकरी करपली.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "आई, झाला का सुरू?"

"झाला."

"सुरू होताना वाजतं ते गाणं वाजलं नाही."

"आवाज बंद केलाय मी त्याचा."

"बरं," म्हणाला. मी करपलेली भाकरी तव्यावरनं काढली. मग, "शनिवारी येतो मी. पुढच्या. नवीन रायटर घेऊन येतो, बसवूनच टाकू. एकटाच येतो."

"ये."

ह्या खेपेला ठेवू का विचारलं नाही. मीच म्हटलं, ठेव आता, जेव जा.

६ डिसेंबर, सोमवार

सांगून टाकावं का? फोन करून म्हणावं, अरे, रायटर चांगला चाललाय, उगाच खर्च करू नको. दोनदा मोबाईल हातात घेतला. सांगितलं तर म्हणेल, मग पुढच्या महिन्यात येतो. नाही सांगितलं तर दारात आल्यावर काय तोंड दाखवू? एवढी वर्षं पोरींना शिकवलं, चूक झाली तर खोडायची नाही, पान बदलायचं. आणि माझ्याच्यानं एक वाक्य होत नाही.

पा. वहिनींना सांगितलं सगळं. त्यांचं आपलं सरळ. "आवो, पोरगं घरला येतंय न्हवं? मग झालं तर. रायटरचं काय घिऊन बसलाय!"

त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर राहतो. त्यांना काय जातंय बोलायला.

१० डिसेंबर, शुक्रवार

उद्या येतो. शनिवार म्हणून मटण नाही, ते रविवारी. उद्या भरली वांगी, खर्डा, भाकरी. गादीला ऊन दाखवलं. त्याची जुनी चादर सापडली, धुतली.

टेबलावरचा डिस्कचा ढीग उचलून कपाटात ठेवला. परत काढून टेबलावर ठेवला. परत कपाटात. पोरखेळ चाललाय नुसता. शेवटी टेबलावरच राहू दिला, वर्तमानपत्र टाकून.

११ डिसेंबर, शनिवार

सकाळपासनं तिसऱ्यांदा गॅलरीत जाऊन आले.

आत्ता फोन आला. गाडी किणीचा टोल नाका सोडून पुढं आलीय. मागं गाडीतलं गाणं, माणसांचा कालवा.

"आई, एक झालं गं."

"काय?"

"तो रायटर घ्यायचा राहिलाच."

म्हणजे ओळखलं त्यानं? की खरंच राहिला? कामाचं डोकं ठिकाणावर नाही त्याचं, राहिलाही असेल. आवाजावरनं काही कळेना. गाडी खड्ड्यात आदळली असणार, आवाज तुटला आणि परत आला.

"चालेल ना?" म्हणाला.

"चालतंय की," म्हटलं. "तू ये."

"जेवायला काय केलंयस?"

वांगी सांगितली. काकवीपण आहे म्हटलं, मालूताईंनी दिलेली, त्याची एक गोष्ट आहे, आलास की सांगते. "मलापण सांगायचंय," म्हणाला, आणि बोलत राहिला, कावळा नाका आला, आता उतरणार, रिक्षा करतो, जुन्या वाटेनं येतो. मी ऐकत दारातच उभी.